धाटाची गाडी, मातीचा बैल आणि चित्रांचं पुस्तक

कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला, खरे बैल रंगतात आणि पंधरा दिवसांनी, ज्येष्ठाच्या अमावस्येला, मातीचे. आमच्या बिदर-कलबुर्गीकडे तिला 'मण्णेत्तिन अमावस्या' म्हणतात. पोळा त्यानंतर दोन महिन्यांनी. म्हणजे सीमेवरच्या मराठी लेकरांची चैन. मातीत हात घालायला दोन सण.

आमचं गाव बिदरला लागून असलेलं नौबाद. नौबाद म्हटलं की बाहेरची माणसं बहामनी काळातल्या कारेजबद्दल, म्हणजे पाण्याच्या भुयारी वाटेबद्दल विचारतात. मी इथं ओसरीवर गल्लीतली लहान लेकरं सांभाळते, त्यामुळे माझा संबंध भुयारापेक्षा मातीशी जास्त. बिदरचं पठार जांभ्याचं, माती तांबडी. खाली उतरलं की काळी. काळ्या मातीचा बैल ओला असताना देखणा दिसतो, पण ती माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते, म्हणून तडकते. थोडी राख मळून घेतली की तडे कमी जातात. वशिंड वेगळं चिकटवायचं नाही, पाठीतूनच चिमटीनं ओढून काढायचं. चिकटवलेलं हमखास गळतं. हे शिकवून कळत नाही. एक वशिंड गळावं लागतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला शाळू निघतो आणि कडबा येतो. ज्वारीचं धाट सोललं की आत पांढरा, हलका गाभा. त्याचे तुकडे म्हणजे गाडीची साटी, आणि सालीच्या टोकदार काड्या म्हणजे खिळे. सालीची पट्टी वाकवून चाक करायचं, मधे गाभ्याचा तुंबा, त्यात आरे खोचायचे. डिंक नको, दोरा नको. साल मात्र पात्यासारखी कापते, म्हणून सोलायचं काम माझं, खोचायचं त्यांचं. गाडी संध्याकाळपर्यंत मोडते. मोडू दे की! दुकानातली मोडली तर लेकरू रडतं. ही मोडली की दुसरं धाट ओढतं.

हाताशी असलेल्या वस्तूंतूनच लेकरू शिकतं, हे बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांना फार आधी उमगलं होतं. १९४५ साली त्यांनी डहाणूकडच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्यासोबत. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा या बायांनी बिया, खडे, शिंपले, पानं घेतली आणि त्यांच्यावरच मोजणं, लावणं, वेगळं करणं शिकवलं. लेकरं शाळेत येईनात तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. सरकारची अंगणवाडी आली ती १९७५ मध्ये.

बियांबद्दल मात्र मी कडक आहे. गुंजा आणि एरंडीच्या बिया ओसरीवर येऊ देत नाही. लाल-काळी गुंज लेकरांच्या डोळ्यात भरते, पण चावली गेली तर जिवावर बेतेल इतकी विषारी. तीन वर्षांखालच्यांना चिंचोकेही नाहीत, नाकात नाही तर घशात जायचे. त्यांच्यासाठी चिंध्यांची बाहुली, नाही तर आमच्याच कर्नाटकातलं चन्नपट्टणचं खेळणं बरं. हाळे नावाचं मऊ लाकूड चरकावर फिरवतात आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनंच लाख वितळून लाकडावर बसते; मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. कडा गोल, तोंडात घातलं तरी टोचत नाही. घेताना रंग वनस्पतीचा आहे ना, एवढं विचारावं.

आता पुस्तकं. माझ्याकडचं एक लेकरू घरी मराठी बोलतं, दुसरं कानडी, तिसरं दखनी. चित्रांचं पुस्तक उघडलं की तिघंही एकाच पानावर वाकतात. चांगल्या चित्रात सगळं मधोमध, मोठं करून दाखवलेलं नसतं. लेखिका माधुरी पुरंदरे स्वतः चित्रकारही. त्यांच्या राधाच्या नाही तर यशच्या पुस्तकांत घर खरंखुरं घर असतं, वस्तू जागच्या जागी आणि जरा पसरलेल्याही. लेकरू मजकुरात नसलेली वस्तू हुडकून काढतं आणि तिचीच गोष्ट सांगायला लागतं. तेव्हा मोठ्यांनी गप्प बसावं. 'हे काय? रंग कोणता?' असल्या प्रश्नांनी पुस्तकाची परीक्षा होते. मला तर छापील अक्षरांपेक्षा ही बडबड मोलाची वाटते, कारण वाक्य जुळवायचं काम लेकराकडेच राहतं, गाडीच्या चाकासारखं.

पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची बरीच पुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं काढली आहेत. आमच्या बाजारात ती सहसा दिसत नाहीत, म्हणून लातूर-पुण्याला कोण निघालं याच्यावर माझं लक्ष असतं. चटकमटक खाऊ आणू नका, पुस्तक आणा, असं सांगून ठेवलंय. फाटलेली पानं आम्ही मैद्याच्या खळीनं चिकटवतो. खळ शिजवायला लेकरांना फार आवडतं. कधी कधी मला संशय येतो, पानं त्यासाठीच फाटतात.