तापीकाठचे वकील

बऱ्हाणपुरात उतरायला दिलेल्या खोल्या पाहून सर टॉमस रो वैतागला. विटांच्या, वरून गोल, एखाद्या भट्टीएवढ्या. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा हा वकील. त्या खोल्या सोडून तो स्वतःच्या तंबूत राहिला. महिना नोव्हेंबर, साल १६१५. सुरतेहून अजमेरला, जहांगीर बादशहाकडे, तो निघाला होता. वाटेत बऱ्हाणपूर होते आणि तिथे शाहजादा परवेझ दख्खनच्या सुभ्याचा दरबार भरवीत होता.

दरबारात शिरताना कोतवालाने सांगितले, जमिनीला डोके टेकवा. रोने नकार दिला: मी राजाचा वकील आहे, तुमच्या नोकरांचे रिवाज मला लागू नाहीत. मग शाहजाद्याच्या बैठकीच्या पायऱ्या चढू द्या म्हणाला. इराणच्या शहाचा वकील आला तरी चढू देत नाही, असे उत्तर मिळाले. खुर्ची मागितली, तीही नाही. अखेर चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकून उभे राहण्याची सवलत मिळाली. बऱ्हाणपुरात वखार घालायला परवानगी देण्याचे मात्र परवेझने तिथल्या तिथे कबूल केले. पुढचे खासगी बोलणे राहूनच गेले, कारण रोने नजर केलेल्या मद्याच्या बाटल्या शाहजाद्याने लगोलग उघडल्या होत्या.

शाहजाद्याकडे नाव आणि थाट आहे, कारभार खानखानानाकडे आहे, हे रोच्या लक्षात आले होते. हा खानखानान म्हणजे दोहे लिहिणारा अब्दुर्रहीम. शहराला पाणी पुरवणारा, आजही पाहायला मिळणारा कुंडी भंडारा त्याच्याच कारकिर्दीतला.

मला गंमत वाटते ती रोच्या पगाराची. वकिली राजाची, पण वर्षाचे ६०० पौंड देणार ईस्ट इंडिया कंपनी. कारण उघड आहे. त्याच्या आधी आलेल्या कंपनीच्या बहुतेक माणसांना मोगल दरबार व्यापारी म्हणूनच वागवत असे, म्हणून या वेळी व्यापाऱ्यांनी राजाचे नाव उसने घेतले. काम मात्र वखारी, जकात आणि अडवलेला माल सोडवणे हेच. आजच्या भाषेत हे कॉन्सुलचे काम. प्राचीन रोममध्ये कॉन्सुल म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी. मध्ययुगात इटलीतल्या व्यापारी शहरांनी हे नाव परक्या बंदरातल्या आपल्या व्यापाऱ्यांच्या मुखत्याराला दिले आणि तिथून ते युरोपभर गेले. रशियातही ते रुजले. बऱ्हाणपूरचे तलम पांढरे कापड मस्कोव्हीपर्यंत, म्हणजे याच रशियापर्यंत, आणि पोलंडपर्यंत जाते, असे ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात लिहून गेला. रशियाचा कॉन्सुल क्लेम मुंबईत आला तो १९०० साली. कापड किती पुढे आणि कचेरी किती मागे!

१७६०च्या उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. १८०३च्या उन्हाळ्यात दौलतराव शिंदे याच टापूत तळ देऊन होते. इंग्रजांचा रेसिडेंट कर्नल कॉलिन्स त्यांच्या मागे लकडा लावून होता: लढाई की सलोखा? नागपूरकर भोसल्यांची भेट झाली की कळवू, असे दौलतरावांनी सांगितले. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला. वकील निघाला की बोलणे संपले. सप्टेंबरात असईची लढाई शिंदे हरले, ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि अशीरगड इंग्रजांनी घेतले. डिसेंबरअखेर सुर्जी अंजनगावच्या तहात ही दोन्ही ठिकाणे शिंद्यांना परत मिळाली.

जानेवारी १८०४ मध्ये इंग्रजांचा वकील जॉन माल्कम बऱ्हाणपूरच्या छावणीत दाखल झाला. पहिल्याच भेटीत धो धो पाऊस कोसळला. तंबूच्या कापडात साचलेले पाणी पेपर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या डोक्यावर रिते झाले, तो किंचाळला, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचे दौलतराव खो खो हसले.  यापुढे मात्र माल्कमची गाठ विठ्ठलपंतांशी होती.

विठ्ठलपंत हे शिंद्यांचे वयोवृद्ध कारभारी. काहीही ऐकले तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. ‘ब्रॅग’ हा इंग्रजांचा पत्त्यांचा डाव, आपल्या तीनपत्तीचा पूर्वज. तो खेळायला असा चेहरा हवा, म्हणून माल्कमने त्यांचे नाव ‘ओल्ड ब्रॅग’ ठेवले. २७ फेब्रुवारी १८०४ला बऱ्हाणपूरचा तह झाला. तैनाती फौजेचे कलम टळले नाही. पण ती सहा हजारांची फौज शिंद्यांच्या मुलखाबाहेर राहायची होती, आणि तिचा खर्च आधीच गेलेल्या प्रांतांच्या वसुलातून भागायचा होता. तैनाती फौज आपल्याच राजधानीजवळ पोसणाऱ्या पेशव्यांशी तुलना केली, तर हरलेल्या बाजूने पदरात पाडून घेतलेली ही सवलत लहान नाही. ग्वाल्हेर आणि गोहद कोणाचे, या वादात तर खुद्द माल्कमच शिंद्यांची बाजू रास्त म्हणू लागला आणि त्याने गव्हर्नर जनरल वेलस्लीचा रोष ओढवून घेतला. ती ठिकाणे शिंद्यांना नोव्हेंबर १८०५च्या तहात मिळाली.

रोचा ताठा पाहून इंग्रज इतिहासकार त्याला मोठा मुत्सद्दी ठरवतात. माझे मत वेगळे आहे. रोच्या हाती गमावण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्याला खांबाला टेकून ताठ उभे राहता आले. विठ्ठलपंतांच्या मागे असई आणि अडगाव असे दोन पराभव होते, गाविलगड पडला होता, आणि तरीही ते वाटाघाटीला बसले. कस लागला तो त्यांचा.

असईचा विजेता आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. फ्रान्सचा तालेराँ म्हणजे युरोपातला सर्वांत धूर्त मुत्सद्दी. तो कसा वाटला, असे माल्कमने विचारले तेव्हा ड्यूक म्हणाला की तो बराचसा ‘ओल्ड ब्रॅग’सारखाच आहे, पण तितका हुशार नाही. तालेराँवर ग्रंथांच्या राशी आहेत. विठ्ठलपंतांवर मराठीत एक नीट चरित्र कोणी लिहायला घेईल, तर दौलतरावांच्या दरबाराचे मोडी कागद आणि रेसिडेंटांचा पत्रव्यवहार समोरासमोर ठेवूनच सुरुवात करावी.