खिडकीच्या काचेवरचं गणित

कॉम्प्युटरसमोर बसून टकटक करणाऱ्या पोराचा सिनेमा काढायचा कसा? पाठलाग नाही, मारामारी नाही. जे काही घडतं ते त्याच्या डोक्यात. तरीही फेसबुकच्या जन्मावरचा ‘द सोशल नेटवर्क’ (2010) बघताना दोन तास जागचं उठवत नाही. ही करामत साधली कशी?

पहिली युक्ती बोलण्याची. आरन सॉर्किनची पटकथा 162 पानांची होती. पानाला एक मिनिट हा हॉलिवूडचा ढोबळ हिशेब, म्हणजे सिनेमा पावणेतीन तासांच्या घरात जायचा. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने पात्रांना असं झपाट्याने बोलायला लावलं, की सगळं दोन तासांत बसलं! पहिल्याच प्रसंगात बारमधल्या टेबलाशी मार्क झुकरबर्ग आणि त्याची मैत्रीण बोलत बसलेत. तो एका वेळी दोन विषयांवर बोलतोय आणि तिला कळत नाही, उत्तर कशाचं द्यायचं. मैत्रीण काल्पनिक, पण मेहनत खरी: या प्रसंगाचे 99 टेक झाले.

मैत्रीण त्याला सोडून जाते. मार्क तणतणत हॉस्टेलवर येतो, हार्वर्डमधल्या मुलींचे फोटो परवानगीविना उचलतो आणि ‘फेसमॅश’ नावाची साइट बनवायला घेतो. दोन फोटो समोर ठेवायचे, सुंदर कोण ते बघणाऱ्याने ठरवायचं. पण शेकडो फोटोंचा क्रम लावायचा कसा? त्याचा मित्र एदुआर्दो मार्कर घेऊन खिडकीच्या काचेवर एक सूत्र लिहितो.

हे सूत्र बुद्धिबळातलं. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ते बसवलं. नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचं रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) वरखाली होतं तेही त्यांच्याच पद्धतीने. रेटिंग सारखं असेल तर दोघांकडून अर्ध्या-अर्ध्या गुणाची अपेक्षा. फरक 400चा असेल, तर वरचढ खेळाडूने 11 डावांत साधारण 10 गुण मिळवावेत. अपेक्षेप्रमाणे जिंकलात तर रेटिंग जेमतेम हलतं. बलाढ्याला हरवलंत की भरघोस वाढतं.

आता डावाच्या जागी क्लिक ठेवा. कुणी कुणाला गुण द्यायचे नाहीत, सगळे फोटो एकदम बघायचे नाहीत. प्रत्येक क्लिक म्हणजे एक निकाल, आणि अशा हजारो निकालांतून क्रमवारी आपोआप उभी राहते! फोटो कुणाचे, त्या मुलींना विचारलं का, याच्याशी सूत्राला देणंघेणं नसतं. 2003मध्ये खरोखरच्या फेसमॅशवर काही तासांत सुमारे 450 जणांनी 22,000 वेळा मतं दिली. साइट बंद झाली आणि झुकरबर्गला विद्यापीठापुढे जाब द्यावा लागला.

पडद्यावर फेसमॅशची ही रात्र धडधडत्या संगीतावर पुढे सरकते. मार्कची बोटं, दुसरीकडे रंगात आलेली पार्टी, खोल्याखोल्यांतून स्क्रीनभोवती जमलेली पोरं, आणि रूममेटने दाखवलेला मार्कचा ब्लॉग वाचून पडलेला त्या मैत्रिणीचा चेहरा. कोडची एक ओळही कळली नाही तरी चालतं. ते कुणाला चढलं आणि कुणाला झोंबलं, ते लख्ख दिसतं.

या सिनेमाला तीन ऑस्कर मिळाली: रूपांतरित पटकथा, संकलन आणि पार्श्वसंगीत. टकटक करणाऱ्या पोराला बघत बसायला आपल्याला भाग पाडलं ते नेमकं या तिघांनी.