भाड्याचं घर : आधी पाणी विचारा, मग कागद करा

सोलापुरात भाड्याचं घर बघताना खोल्या मोजण्याआधी पाण्याचं विचारा. नळ किती दिवसांआड येतो, हौद केवढा आहे, टाकी स्वतंत्र की सामायिक? खरं उत्तर शेजारीच देतात.

घर पसंत पडलं की व्यवहार. विजापूर वेस असो की नई जिंदगी, ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ म्हणत डिपॉझिट रोख दिलं जातं. घर सोडताना त्याच पैशांवरून दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

तरीही पुरावा ठेवा. डिपॉझिट बँकेतून द्या, दर महिन्याची पावती घ्या. लाईट बिल, पाणीपट्टी कोण भरणार, डिपॉझिट कधी परत मिळणार, हे करारात लिहून घ्या. मागायला संकोच नको. हिशेब साफ असला की संबंधही टिकतात.