टेंपल सरांच्या मुली

रोमच्या १९६०च्या ऑलिंपिकचं नाव निघालं की आपल्याला मिल्खा सिंग आठवतो. ६ सप्टेंबर, चारशे मीटरची अंतिम शर्यत, चौथा क्रमांक. त्या हळहळीत एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटून गेली. आदल्याच दिवशी, त्याच स्टेडियममध्ये, वीस वर्षांच्या एका कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीनं दोनशे मीटरचं सुवर्णपदक पटकावलं होतं. शंभर मीटरचं तिच्याकडे आधीच जमा होतं. आणखी तीन दिवसांनी ती चार बाय शंभर मीटर रिलेच्या शेवटच्या टप्प्यावर उभी राहिली, आणि त्या रिलेतल्या चारही मुली एकाच विद्यापीठाच्या होत्या. मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स, विल्मा रुडॉल्फ. विद्यापीठ टेनेसी स्टेट, गाव नॅशव्हिल. तिथल्या धावपटू मुलींना सगळे ‘टायगरबेल्स’ म्हणत.

विल्माची गोष्ट आपल्याकडेही पुष्कळदा सांगितली जाते. बावीस भावंडांतली विसावी, लहानपणी पोलिओ, पायाला लोखंडी आधार आणि तरी तीन सुवर्णपदकं. गोष्ट खरी आहे. पण ती एवढीच सांगितली की चमत्कार वाटते, आणि ज्यांनी तो घडवला ती माणसं अंधारात राहतात. नॅशव्हिलचा इतिहास धुंडाळू लागलं की विल्मा एका लांबलचक साखळीतली एक कडी दिसू लागते. माझ्या लेखी त्यानं ती लहान होत नाही, उलट जास्त आपली वाटते.

साखळीचं पहिलं टोक नॅशव्हिलमध्ये नाही, अलाबामातल्या टस्कीगीत आहे. त्या काळी अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या महाविद्यालयांत मुलींनी चुरशीनं धावणं बायकी मर्यादेला सोडून मानलं जाई. १९२८च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, त्यावर एवढा गहजब झाला की ती शर्यत १९६०पर्यंत पुन्हा ठेवलीच गेली नाही. कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयांत मात्र मुलींना मैदान मोकळं होतं. टस्कीगीचे क्लीव्ह ॲबट यांनी १९२९पासून आपल्या स्पर्धेत मुलींच्या शर्यती ठेवल्या आणि १९३७मध्ये त्यांच्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्ण जिंकणारी ॲलिस कोचमन तिथेच तयार झाली. ॲबट यांची मुलगी जेसी नॅशव्हिलला आली आणि टेनेसी स्टेटमध्ये मुलींचा धावण्याचा चमू तिनं सुरू केला. बापानं पेरलेलं लेकीनं दुसऱ्या रानात नेऊन लावलं. लंडनमध्येच टेनेसीच्या ऑड्री पॅटरसननं दोनशे मीटरचं कांस्य मिळवलं. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री.

एड टेंपल यांच्याकडे हा चमू १९५०मध्ये आला. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा हा तरुण टेनेसीतच शिकलेला, तेव्हा तेविशीतही पोचलेला नव्हता. पगार महिना दीडशे डॉलर, आणि त्यात विद्यापीठाचं पोस्ट सांभाळायचं कामही धरलेलं. पुढे ते समाजशास्त्र शिकवू लागले. सकाळी टपाल, मग वर्ग, मग मैदान. मैदान म्हणजे विद्यापीठाच्या शेताशेजारची मातीची धावपट्टी, तीही पुरी गोल न झालेली. मुलींना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. फीच्या बदल्यात रोज दोन तास विद्यापीठात काम करावं लागे, तेव्हा कुठे शिक्षण चाले.

स्पर्धांना जायचं म्हणजे सरांच्या आणि इतरांच्या गाड्यांत दाटीवाटीनं बसून. दक्षिणेत त्या काळी वर्णभेदाचे कायदे होते. वाटेतल्या खाणावळीत या मुलींना बसू देत नसत, पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृह वापरू देत नसत. म्हणून निघतानाच डबे बांधून घ्यायचे, आणि गरज पडली की रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आडोसा शोधायचा. तसा शेकडो मैलांचा प्रवास करून उतरायचं आणि देशातल्या सगळ्यात वेगवान मुलींशी धावायचं. १९५५मध्ये याच मुलींनी पहिलं मोठं राष्ट्रीय विजेतेपद नॅशव्हिलला आणलं.

सरांची शिस्त कडक होती. उन्हाळ्यात ते शाळकरी मुलींना बोलावून घेत. सराव दिवसातून तीनदा, पहिला पहाटे पाचला. उशीर खपत नसे. अभ्यासात मागे पडलेलं तर मुळीच नाही. मुलांच्या मोटारीत बसून हिंडायला बंदी. आज वाचताना यातले काही नियम जाचक वाटतात, मलाही वाटले. पण मुलींवर बोट ठेवायला टपलेल्या जगात त्यांच्या नावाला कुणी हात लावू नये, ही काळजी त्यामागे होती. आणि त्यांनी माणूस पाहून नियम बाजूलाही ठेवला. १९५८मध्ये विल्मा आई झाली. चमूत मूल असलेल्या मुलीला जागा नाही असा त्यांचा नियम होता, तरी त्यांनी तिला घेतलं.

विल्मा त्यांना दिसली ती बास्केटबॉलच्या सामन्यात. शाळांच्या स्पर्धेत सर पंच म्हणून शिट्टी फुंकत होते, आणि त्यांचं लक्ष या उंच, सडपातळ मुलीच्या पावलांवर खिळलं. त्या पावलांमागे तिच्या घरच्यांचे कष्ट होते. क्लार्क्सव्हिलहून नॅशव्हिलचं मेहॅरी रुग्णालय सुमारे ऐंशी किलोमीटर. कृष्णवर्णीयांवर जवळ उपचार नाहीत म्हणून आई तिला घेऊन आठवड्याला बसनं जायची, बसमध्ये मागच्या बाकांवर. घरी रोज आळीपाळीनं आई आणि भावंडं तिचा पाय चोळून द्यायची.

नॅशव्हिलला तिला भेटली मे फॅग्ज. मे न्यूयॉर्कची, बुटकी, खमकी. सोळाव्या वर्षी लंडन ऑलिंपिकला जाऊन आलेली आणि हेलसिंकीत रिलेचं सुवर्ण जिंकलेली. १९५६च्या निवड चाचणीत सोळा वर्षांची विल्मा घाबरून गेली होती. मेनं तिला एवढंच सांगितलं, की तू फक्त माझ्याबरोबर राहा. विल्मा राहिली, आणि दोघीही मेलबर्नला गेल्या. त्या वर्षी ऑलिंपिकला गेलेल्या टायगरबेल्स एकूण सहा. मे, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा आणि इझाबेल डॅनियल्स या चौघींनी रिलेचं कांस्य आणलं. थोरलीनं धाकटीला हाताशी धरायचं, ही त्या मैदानावरची रीतच होती.

रोमच्या रिलेकडे पुन्हा येतो, कारण ती जवळून बघण्यासारखी आहे. बॅटन म्हणजे वीतभरापेक्षा थोडी लांब, पोकळ, हलकी नळी. तेव्हाच्या नियमानं वीस मीटरच्या पट्ट्यात ती एकीच्या मुठीतून दुसरीच्या मुठीत जायला हवी होती, आणि दोघीही पूर्ण वेगात असताना. घेणारी मागे बघत नाही, नुसता हात मागे धरते. अंतिम फेरीत शेवटच्या टप्प्याला हीच देवाणघेवाण फसली. बॅटन विल्माच्या हातून जवळजवळ सुटली, सावरेपर्यंत जर्मनीची धावपटू पुढे निघून गेली. विल्मानं तिला गाठलं, मागे टाकलं. वेळ ४४.५ सेकंद. तिच्या लांब टांगांचं कौतुक आपण करतोच. पण नॅशव्हिलच्या मातीत हातात हात बसवण्याचा सराव शेकडो वेळा झालेला होता, म्हणून त्या क्षणी बॅटन खाली पडली नाही असं मला वाटतं.

क्लार्क्सव्हिलनं तिच्या स्वागताची मिरवणूक ठरवली, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. तसं असेल तर मी येणार नाही, असं विल्मानं कळवलं. ४ ऑक्टोबर १९६० रोजी त्या गावात गोरे आणि काळे पहिल्यांदा एका मिरवणुकीत चालले, एका मेजवानीला बसले.

 

मग वायोमिया टायस. जॉर्जियातल्या ग्रिफिनची, दुग्धशाळेच्या मळ्यावर वाढलेली, पंधराव्या वर्षी सरांच्या उन्हाळी शिबिराला आलेली. १९६४च्या टोकियोत शंभर मीटरमध्ये ती पहिली आणि तिची मैत्रीण एडिथ मॅग्वायर दुसरी, दोनशे मीटरमध्ये एडिथ पहिली. चार वर्षांनी मेक्सिको सिटीत अंतिम शर्यतीआधी अंग मोकळं करायला टायस धावपट्टीवरच नाचत होती. ती पुन्हा जिंकली, ११.० सेकंदांत, विश्वविक्रमासह. ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकणारी ती पहिली व्यक्ती, स्त्री-पुरुष दोघांतही. कार्ल लुईसनं ते साधलं त्याला आणखी वीस वर्षं लागली. मेक्सिको सिटीतच बायकांच्या आठशे मीटरचं सुवर्णही टायगरबेलचंच, मॅडलिन मॅनिंगचं. म्हणजे जे अंतर बायकांना झेपत नाही म्हणून बत्तीस वर्षं बंद ठेवलं होतं, तेच.

मेक्सिको म्हटलं की जगाला टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांच्या वर्णभेदाच्या निषेधार्थ उंचावलेल्या मुठी आठवतात. टायस गडद रंगाची चड्डी घालून धावली होती, तो तिचा निषेध, आणि रिलेचं सुवर्ण तिनं या दोघांना अर्पण केलं. त्याची दखल फार थोड्यांनी घेतली. हे मला आजही टोचतं.

टेंपल सरांच्या चव्वेचाळीस वर्षांत चाळीस टायगरबेल्स ऑलिंपिकला गेल्या. पदकं तेवीस, त्यांतली सुवर्णं तेरा. मात्र स्वतः सर ज्या आकड्यावर सगळ्यात आधी बोट ठेवत तो वेगळाच होता. चाळीसपैकी एकोणचाळीस पदवीधर झाल्या. धावणं चार-सहा वर्षांचं, पुढचं आयुष्य मोठं, हे त्यांनी मुलींच्या कानी कपाळी ओरडून सांगितलं होतं.

१९७२मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि हळूहळू सगळ्याच विद्यापीठांना मुलींच्या खेळांवर पैसे खर्चावे लागले. श्रीमंत विद्यापीठं शिष्यवृत्त्या घेऊन मुलींच्या दारी जाऊ लागली. न्यायाचीच गोष्ट ती, पण नॅशव्हिलच्या वाट्याला पूर्वीसारख्या मुली येईनाशा झाल्या. तरीही फ्लॉरिडाच्या जॅक्सनव्हिलची चँड्रा चीझबरो आली. १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये तिनं चारशे मीटरचं रौप्य आणि एकाच दिवशी दोन्ही रिलेंची सुवर्णं जिंकली.

टेंपल सर १९९४मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विल्मा गेली, वय चोपन्न. आणि नॅशव्हिलच्या मैदानावर मुलींचा सराव घ्यायला जी आली, ती चँड्रा.