डेअरीतल्या वायरिंगच्या पाइपाची चाळीस वर्षे

आयएस ९५३७ या भारतीय मानकाचा पोलादी कंड्युटविषयीचा, म्हणजे वायरिंगच्या पाइपांविषयीचा, भाग १९८१चा, तर पीव्हीसीसारख्या विद्युतरोधक पाइपांचा भाग १९८३चा. पुढच्या चाळीस वर्षांत अन्नप्रक्रिया कारखान्यांतली पाइपाची निवड या दोन भागांमध्ये हेलकावे खात राहिली आणि शेवटी दोन्हींच्या पलीकडे गेली.

सुरुवातीचा हिशेब सरळ होता. वायरला मार लागू नये, म्हणून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पाइप. बॉयलर हाउस, वर्कशॉप, कोरडं गोदाम अशा ठिकाणी तो आजही चोख काम देतो. पण डेअरीत धुलाई रोजची. गरम कॉस्टिक सोडा, त्यानंतर आम्ल. आणि जस्त दोन्हींत विरघळतं. ते झिजलं की आट्यांपाशी, सॅडलखाली गंज धरतो आणि त्याच्या खपल्या खाली उघड्या मालावर पडू शकतात. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप हलका, पण कॉस्टिकपुढे त्याचाही टिकाव लागत नाही.

पीव्हीसीने गंजाचा प्रश्न सोडवला. स्वस्त, करवतीने कापा, सोल्युशनने जोडा. मात्र तो तापला की पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतो, वाफेच्या लाइनीजवळ वाकतो आणि थंड खोलीत ट्रॉलीची धडक बसली की तडकतो. त्याचा उडालेला तुकडा मालात गेला, तर मेटल डिटेक्टरला तो दिसत नाही.

दरम्यान विचाराची दिशाच बदलली. १९८९मध्ये युरोपात ईएचईडीजी ही संस्था स्थापन झाली. यंत्रं आणि जोडण्या नीट धुता येतील अशाच बांधा, हा तिचा आग्रह. भारतात २००६चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११चे परवाना नियम यांनी कारखान्याच्या स्वच्छतेला कायद्याचं बळ दिलं. वायर सांभाळणाऱ्या पाइपापासून अन्नही कसं सांभाळायचं, हा प्रश्न आता टाळता येईना. म्हणून ओल्या विभागांत स्टेनलेस स्टील आलं. साध्या धुलाईला त्याचं ३०४ ग्रेड पुरतं. मीठ, मासळी किंवा क्लोरीन असेल तिथे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ जास्त टिकतं.

तरीही महाग पाइप म्हणजे स्वच्छ कारखाना नव्हे. भिंतीला चिकटवलेल्या पाइपामागे घाण साचते, म्हणून मागे ब्रश फिरेल एवढी जागा हवी. उघड्या आट्यांत दूध सुकून बसतं. थंड आणि उबदार खोल्यांमधून जाणारा पाइप भिंतीपाशी आतून सील केला नाही, तर आत दव धरतं आणि तेच पाणी पॅनेलपर्यंत पोहोचतं. या चुका ३१६ वापरूनही होतात.

म्हणून नव्या कारखान्याचं टेंडर काढणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती: संपूर्ण इमारतीसाठी एकच पाइप ठरवू नका. खोलीगणिक धुलाईचं रसायन, तापमान आणि उघड्या मालाची जागा कागदावर मांडा आणि मगच दरपत्रक उघडा.