एका भोकातून सहा आवाज

मिनी पीसी घेताना लोक प्रोसेसर पाहतात, रॅम विचारतात, मागची बाजू मात्र घरी आल्यावर बघतात. मोठ्या डेस्कटॉपच्या पाठीवर आवाजासाठी रंगीत भोकांची रांग असायची. हिरवं पुढच्या स्पीकरांचं, काळं मागच्यांचं, केशरी मधल्या स्पीकरचं आणि सबवूफरचं. तळहातावर मावणाऱ्या डब्यात एवढी चैन परवडत नाही. हेडफोनचा एक जॅक, एक-दोन एचडीएमआय, चार-सहा यूएसबी, की संपलं. आणि जोडायचा असतो ५.१चा संच, म्हणजे पाच स्पीकर, एक सबवूफर आणि सहाही जणांना वेगवेगळं काही सांगायचंय.

हेडफोनची पिन नीट पाहिली तर तिच्यावर दोन काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांमुळे धातूचे तीन तुकडे झालेले असतात. टोकातून डावा आवाज, मधल्या तुकड्यातून उजवा, तिसरा दोघांत सामाईक. म्हणजे इथून बाहेर पडणारे स्वतंत्र आवाज दोनच. स्प्लिटर लावून सहाही सॉकेटं भरता येतात, सगळे स्पीकर वाजतातही, पण मागून तेच ऐकू येतं जे पुढून येतंय. ‘७.१ व्हर्च्युअल’ असं लिहिलेले स्वस्त यूएसबी डाँगल मिळतात, त्यांचीही गत तीच. ज्या डाँगलला हेडफोनचं एक आणि माइकचं एक अशी दोनच भोकं आहेत, त्यातून सात स्पीकरांचा आवाज कुठून येणार? खरं ५.१ देणारं यूएसबी साउंडकार्ड हवं असेल तर बाहेर जाणारी निदान तीन भोकं मोजून घ्यावीत. ब्लूटूथचा विचारही करू नये. संगीतासाठी वापरलं जाणारं नेहमीचं ब्लूटूथ दोन आवाजांवरच थांबतं.

आता थोडा हिशेब. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा घेतलेलं माप आणि प्रत्येक माप १६ बिटांचं. सहा आवाजांचे मिळून सेकंदाला ४६ लाख ८ हजार बिट होतात. मागून लाल उजेड डोकावतो ती ऑप्टिकल केबल १९८३ साली तोशिबाने आणली. तिच्यातून जाणारी पद्धत मुळात दोन आवाजांसाठी आखलेली, त्यामुळे हे सहा जसेच्या तसे तिच्यात मावत नाहीत. डीव्हीडीवरचा सिनेमा तरीही तिच्यातून सहा आवाजांत ऐकू येतो, कारण डॉल्बी डिजिटलने ते आधीच आवळून बहुधा सेकंदाला ४ लाख ४८ हजार बिटांवर आणलेले असतात. मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर! ते गाठोडं कॉम्प्युटर न सोडता पुढे सरकवतो आणि अॅम्प्लिफायर ते सोडवतो. गेमची मात्र अडचण होते. गोळी डावीकडून सुटणार की मागून हे खेळणाऱ्याच्या हालचालीवर ठरतं, तेव्हा आधी बांधून ठेवलेलं गाठोडं असणारच कुठून? ते जागच्या जागी बांधणारी सोय कॉम्प्युटरमध्ये नसेल, तर ऑप्टिकलवरून गेमचा आवाज दोनच स्पीकरांत येतो.

सिनेमात आवाजाच्या वाट्याला नेहमी उरलीसुरली जागा आली आहे. १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत आलं, तेव्हा त्याचे बारीक ठिपके फिल्मच्या कडेला, दातेरी चाकासाठी पाडलेल्या भोकांच्या मधल्या जागेत छापलेले होते. एचडीएमआयमध्येही तसंच घडतं. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये एक ओळ रंगवून झाली की इलेक्ट्रॉनचा झोत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परतायचा आणि तेवढा वेळ चित्र बंद असायचं. ट्यूब गेली, पण सिग्नलमधली ती मोकळी फट राहिली. एचडीएमआयमध्ये आवाज तिथूनच प्रवास करतो, आणि ती एवढी ऐसपैस आहे की आठ आवाज न आवळता सहज जातात. त्यामुळे मिनी पीसीसाठी माझं मत एचडीएमआयलाच.

तरीही तक्रार येते: केबल एचडीएमआयची, टीव्हीतून ऑप्टिकलने अॅम्प्लिफायरला जोडलंय, आणि मागचे स्पीकर मुके. यात बिघाड कशातच नसतो. केबल जोडताच कॉम्प्युटर समोरच्या यंत्राकडून त्याची माहितीपत्रिका मागवून घेतो. तिला ईडीआयडी म्हणतात. पडदा किती पिक्सेलचा, कोणते रंग चालतात, आणि आवाजाबद्दल तीन-तीन बाइटच्या छोट्या नोंदी: कोणता प्रकार, किती आवाज, कोणता वेग. टीव्हीला स्वतःचे स्पीकर दोन, म्हणून अनेक टीव्ही इथे प्रामाणिकपणे ‘दोन’ लिहून मोकळे होतात. पलीकडे अॅम्प्लिफायर आहे हे कॉम्प्युटरला कळतच नाही. तो सहाचे दोन करून पाठवतो, आणि विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ५.१चा पर्यायच दिसत नाही. लोक ड्रायव्हर काढून पुन्हा घालतात, विंडोज नवी टाकतात, पण पत्रिका तीच राहते.

उपाय क्रम बदलण्याचा. कॉम्प्युटरमधून आधी अॅम्प्लिफायर, त्यातून टीव्ही. मग पत्रिका अॅम्प्लिफायरची जाते. संच जुना, एचडीएमआय नसलेला असेल तर मधे एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची डबी बसते. ती चित्र पुढे जाऊ देते आणि आवाज बाजूला काढते. तिच्या अनेक मॉडेलांच्या कडेला नखाने सरकवायची एक खुंटी असते: ‘पास’, ‘२ सीएच’, ‘५.१ सीएच’. ‘पास’वर टीव्हीचीच पत्रिका पुढे जाते, ५.१वर डबी स्वतःची दाखवते. खुंटी सरकवली की ५.१चा पर्याय उगवतो. फक्त डबीला ऑप्टिकलच असेल तर वरचा आवळण्याचा नियम लागू, आणि साध्या तारांचा संच असेल तर सहा आरसीए, म्हणजे प्रत्येक आवाजाला एक सॉकेट, देणारी डबीच घ्यायला हवी.

तारा लागल्या तरी काम अर्धंच होतं. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा बहुधा भिंतीला टेकलेला, म्हणजे मागचे स्पीकर कानापासून मीटरभरावर आणि पुढचे पावणेतीन मीटरवर. मागचा आवाज पाच मिलिसेकंद आधी पोचतो. एकाच आवाजाच्या दोन प्रती थोड्या अंतराने आल्या तर मेंदू आधी आलेल्या प्रतीची दिशा खरी मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली मांडलेला हा परिणाम. म्हणून दोन्हीकडून येणारं टाळ्या-पावसाचं वातावरण सगळं डोक्यामागे गोळा होतं. अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरांची अंतरं भरायची जागा असते ती यासाठीच. ती भरली की तो मागच्यांना तेवढं थांबवून ठेवतो. आणि ‘मागचे’ म्हणतो ते खरं तर अगदी मागे नकोतच. नाकासमोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या किंचित मागे, ही त्यांची शिफारस केलेली जागा. सबवूफर मात्र जागेबाबत सोशिक. ८० हर्ट्‌झच्या आवाजाची लहर सव्वाचार मीटर लांब असते, तिची दिशा कानाला फारशी कळत नाही. कोपऱ्यात नेऊन कोंबला तर घुमतो, एवढंच.

शेवटी चाचणी घ्यावी. विंडोजमध्ये स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली की तोच स्पीकर वाजायला हवा. साध्या तारांनी जोडलेल्या संचात मधल्या स्पीकरवर टिचकी मारावी आणि सबवूफरने गुरगुरावं, असं पुष्कळदा होतं. हे दोन आवाज एकाच केशरी भोकातून निघतात, आणि त्यातला टोकाला कोण आणि मधे कोण, यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. सिनेमातले संवाद घोंगडीखालून आल्यासारखे वाटत असतील तर आधी इथे बघावं. काही साउंड ड्रायव्हरांत या दोघांची अदलाबदल करणारा चौकोन असतो, त्यावर टिक करायची. नसेल तर त्या केबलची लाल आणि पांढरी टोकं आपल्याच हाताने उलटी लावायची.