पडद्यावरचे गुरुजी आणि आपल्या मोहल्ल्यातले सर

पांढरकवड्यात आपल्या घरांमधून दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. शाळेच्या दारात आपण म्हणतो, "सर, पोरगं ऐकत नाही, दोन लावा त्याला." आणि घरी चहा पिताना म्हणतो, "मास्तरांना काय, फुकटचा पगार!" बऱ्याचदा दोन्ही बोलणारा माणूस एकच असतो. आम्हीही त्यातलेच.

शिक्षकाकडे असं दोन टोकांनी बघायची सवय आपल्याला सिनेमानेही लावली आहे. व्ही. शांताराम यांचा 1972 चा 'पिंजरा' आठवा. डॉ. श्रीराम लागू यांनी त्यात गावाचे आदर्श गुरुजी रंगवले. गुरुजी तमाशातल्या बाईच्या मोहात पडतात. गावाला मात्र वाटतं, त्यांचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. शेवटी गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा खटला चालतो, आणि लोकांची श्रद्धा मोडू नये म्हणून ते खरं सांगत नाहीत. गावाने पुतळा सांभाळला, माणूस गेला.

नंतरच्या चित्रपटांतही तेच दिसतं. 'तारे जमीन पर' (2007) मध्ये सगळी शाळा चुकते आणि एकच सर देवदूतासारखे येतात. 'थ्री इडियट्स' (2009) मधले प्राचार्य खलनायक, तर 'मैं हूँ ना' (2004) मधले प्राध्यापक थट्टेचा विषय. रोज सकाळी वर्गावर जाणारा साधा शिक्षक पडद्यावर फार कमी येतो. तो दिसतो 'निशाणी डावा अंगठा' (2009) मध्ये. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात साक्षरता मोहिमेचे कागद रंगवता रंगवता गुरुजी दमून जातात. आपण हसतो, पण ती गंमत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती मदत आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी माहिती भरणं, फोटो पाठवणं, अहवाल देणं सुरूच असतं. 'फुकटचा पगार' म्हणताना हेही माहीत असावं की प्राथमिक शिक्षणसेवकाला पहिली 3 वर्षं फक्त मानधन मिळतं. ते बरीच वर्षं महिना 6,000 रुपये होतं, 2023 पासून 16,000 झालं. आणि 'दोन लावा' म्हणणाऱ्यांसाठी: त्याच कायद्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला बंदी आहे.

आपल्या केळापूर तालुक्यात शिक्षकाचं काम आणखी अवघड आहे. आपली मुलं घरी दखनी वळणाची उर्दू बोलतात, कोलाम पोडावरची कोलामी, कुणाच्या घरी गोंडी, तेलंगणाची हद्द जवळ असल्याने कुणाच्या घरी तेलुगू. मराठी शाळेत पुस्तक मात्र सगळ्यांना एकच. पोराला पहिल्यांदा तो धडा समजतो, तो क्षण कुठल्याच सिनेमात येत नाही.

पुतळा करण्यात आपला समाजही मागे नाही. पुण्यात फुले दाम्पत्यासोबत काम केलेल्या फातिमा शेख यांचा फोटो आपण जयंतीला स्टेटसवर ठेवतो. 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात सावित्रीबाईंनी त्यांचा उल्लेख केला आहे. 2025 च्या 'फुले' चित्रपटात त्यांची भूमिकाही आहे. पण घरातली मुलगी डी.एड. करून दूरच्या गावी नोकरीला जाते म्हणाली की आपणच म्हणतो, "कशाला एवढी यातायात?" फातिमाबींना त्या काळी हेच ऐकावं लागलं नसेल का?

मग करायचं काय? जिल्हा परिषद आणि नगर परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. त्या जागा आपल्या आया-बहिणींनी घ्याव्यात. बैठकीत दोन प्रश्न नक्की विचारावेत: या महिन्यात सरांचे किती दिवस वर्गाबाहेर गेले, आणि का? शिकवण्यात कसूर असेल तर तेही तिथेच तोंडावर विचारावं, चहाच्या टपरीवर नाही.

5 सप्टेंबरला गुलाबाचं फूल द्यायला हरकत नाही. पण 6 तारखेला शाळेत जाऊन "सर, माझं लेकरू वाचायला शिकलं का?" असं विचारलं, तर त्या सरांना जास्त बरं वाटेल. आपल्या लेकराचंही भलं होईल.